बोरघाट लोहमार्ग

बोरघाट लोहमार्ग : मुंबई-पुणे लोहमार्गाचा सह्याद्री ओलांडून कोकणातून दख्खनच्या पठारावर चढणारा भाग. रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या पळसदरीपासून तो पुणे जिल्ह्यातील खंडाळा-लोणावळ्यापर्यंत जातो. जांबरुंग, ठाकूरवाडी, नागनाथ व मंकी हिल ही त्यावरील लहान स्थानके. १८६३ मध्ये हा मार्ग वाहतुकीस खुला झाला. त्यामुळे मुंबई बंदर दख्खनच्या बाजारपेठांशी जोडले गेले, तसेच उल्हास नदीचे खोरे आणि मावळातील लेणी व किल्ले सामान्य प्रवाशाच्या आवाक्यात आले. या प्रवासाचे सृष्टिसौंदर्य व त्यातील खाद्यपदार्थ सर्वपरिचित आहेत. ज्या मनुष्यबळावर हा मार्ग उभा राहिला, त्याचा इतिहास मात्र तुलनेने कमी परिचित आहे.

पूर्वपीठिका : कोकणातील बंदरे व देश यांना जोडणारी ही वाट प्राचीन आहे. कार्ले, भाजे, बेडसे आणि घाटाच्या पायथ्याशी असलेले कोंडाणे ही बौद्ध लेणी याच परिसरात कोरली गेली. राजमाची, लोहगड व विसापूर हे किल्ले या वाटेवर नजर ठेवून होते. गाडीरस्ता होण्यापूर्वी मालाची वाहतूक मुख्यतः बैलांच्या पाठीवरून होत असे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत, १८३० मध्ये, घाटातून गाड्या जाऊ शकतील असा रस्ता तयार झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा पुढील उद्दिष्ट दख्खन हेच होते. १८५६ मध्ये आगगाडी घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोहोचली. १४ जून १८५८ रोजी माथ्यावरील खंडाळा-पुणे मार्गही सुरू झाला. मधला चढ मात्र प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा बैलगाडी यांच्या साहाय्याने ओलांडावा लागे.

बांधणी : ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली (१८१९–६२) याने या मार्गाची आखणी केली. घाटातील काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. चढाची लांबी सु. २५ किमी. व एकूण चढण १,८३१ फूट (सु. ५५८ मी.), सरासरी चढ ४८ फुटांस एक फूट, तर सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस एक फूट होता. २५ बोगदे व दऱ्यांवरील ८ मोठे कमानी पूल बांधावे लागले. वळणाला पुरेशी जागा नसल्याने मार्गाच्या वरच्या भागात एक उलट-दिशा स्थानक योजण्यात आले. तेथे गाडी थांबे, एंजिन दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढील चढ चढू लागे. १९२९ मध्ये नव्या बोगद्यांतून मार्ग वळविल्यावर ही पद्धत बंद झाली.

सह्याद्रीचा काळा बेसाल्ट खडक छिन्नी, पहार व सुरुंगाच्या दारूने फोडावा लागला. काही ठिकाणी कडा इतका उभा होता की, भोके पाडणाऱ्या कामगारांना वरून दोराने खाली सोडावे लागे. पावसाळ्यात उघड्यावरील काम जवळजवळ थांबे. त्यामुळे कोरड्या ऋतूत माणसांची संख्या अतोनात वाढविली जाई. १८५६ मध्ये सु. १०,००० असलेले मजूर जानेवारी १८६१ मध्ये सु. ४२,००० झाले. त्यांत पुरुषांबरोबर माती व दगड वाहणाऱ्या स्त्रिया व मुलेही होती. दाट वस्ती, दूषित पाणी व अपुरा निवारा यांमुळे पटकीच्या साथींत मोठी प्राणहानी झाली. सुरुंगांचे अपघात व दरडी यांची तीत भर पडली.

मूळ कंत्राटदार विल्यम फेव्हिएल याच्या कारकीर्दीत मजुरी वेळेवर मिळत नसल्याने असंतोष वाढला. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी यूरोपीय देखरेखदारांवर हल्ला केला व दंगल उसळली. त्याच वर्षी फेव्हिएलने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हा भारतात आल्यावर थोड्याच महिन्यांत, नोव्हेंबर १८५९ मध्ये, मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःकडे घेऊन अनुभवी अभियंत्यांच्या साहाय्याने काम तडीस नेले. बर्कली मात्र मार्ग पूर्ण होण्यापूर्वीच इंग्लंडमध्ये निवर्तला. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या हस्ते मार्गाचे उद्‌घाटन झाले. घाईच्या बांधकामाचे दोष पुढे उघड झाले. १८६७ मध्ये घाटातील एक मोठा दगडी कमानी पूल कोसळला.

निसर्ग : चढणाऱ्या गाडीतून उल्हास नदीचे खोल खोरे, राजमाचीचे श्रीवर्धन व मनरंजन हे जोडबालेकिल्ले आणि खंडाळ्याजवळचा नागफणीचा सुळका दिसतो. बोगद्यांच्या अंधारानंतर क्षणभर दिसणारी दरी हे या प्रवासाचे वैशिष्ट्य होय. लोणावळ्यास वर्षाला सरासरी ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे पावसाळ्यात कड्याकड्यांवरून धबधबे कोसळतात. उतारांवर हिरडा, जांभूळ, करवंद यांची वाढ असून अनेक वर्षांतून एकदाच सामुदायिक रीत्या फुलणारी कारवी येथे विपुल आहे.

वारसा : लोणावळ्यानंतरचे मळवली हे स्थानक या परिसरातील प्राचीन अवशेषांचे प्रवेशद्वार होय. त्याच्या एका बाजूस कार्ले, दुसऱ्या बाजूस भाजे लेणी व लोहगड-विसापूर किल्ले आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छतातील प्राचीन लाकडी कमानी अद्याप टिकून आहेत. तेथील शिलालेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याच्याबरोबर धेनुकाकट येथील एका सुताराचेही नाव आढळते. लेण्याच्या निर्मितीत हातभार लावणाऱ्या कारागिराचे नाव दोन हजार वर्षे टिकले. लोहमार्गाच्या मजुरांची नावे मात्र अशी कोरली गेली नाहीत. चैत्यगृहासमोरील एकवीरा देवीच्या दर्शनास कोकण किनाऱ्यावरील कोळी समाजाचे भाविक मोठ्या संख्येने येतात.

खाद्यपदार्थ : येथील खाद्यपरंपरा घाटाच्या चढाशी निगडित आहे. चढासाठी गाडीला मागून रेटणारी जादा एंजिने कर्जत येथे जोडण्याची व लोणावळ्यास सोडण्याची पद्धत पडल्याने दोन्ही स्थानकांवर गाड्या काही मिनिटे थांबू लागल्या. या सक्तीच्या थांब्यातूनच कर्जतचा बटाटेवडा व लोणावळ्याची चिक्की प्रवाशांच्या अंगवळणी पडली. चिक्कीचे मूळ शेंगदाणे, गूळ व तूप यांच्या गुडदाणीत असून लोहमार्गाच्या मजुरांना ती विकली जात असे, असे परंपरा सांगते. उन्हाळ्यात ठाकर व कातकरी स्त्रिया रानातील करवंदे व जांभळे पानांच्या द्रोणांतून विकतात. घाटातील मूळ रहिवाशांचा प्रवाशाशी येणारा संबंध बहुधा एवढाच असतो.

१९२९ मध्ये कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण झाले आणि १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ ही गाडी सुरू झाली. आरंभी तीत केवळ पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे डबे होते. तिसरा वर्ग जून १९५५ मध्ये जोडण्यात आला. म्हणजे घाटाच्या या आरामदायी प्रवासात अल्प उत्पन्नाच्या प्रवाशास स्थान मिळण्यास पाव शतक लागले. तिच्यातील भोजनयान आजही चालू आहे.

देखभाल : दरडी हा या मार्गाचा कायमचा धोका आहे. २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिल व नागनाथ यांदरम्यान मार्गाची मोठी हानी होऊन गाड्यांची वाहतूक दीर्घकाळ विस्कळित राहिली. यंत्रसामग्री वाढली असली, तरी प्रत्येक पावसाळ्यापूर्वी कामगारांची पथके कड्यांवर चढून सैल झालेले दगड शोधतात व ते पाडतात. पावसात रुळांवर पायी गस्त घातली जाते. ज्या कड्यांवर १८५६ नंतर मजुरांना दोराने उतरविले गेले, त्याच कड्यांची सुरक्षितता आजही बव्हंशी माणसाच्या नजरेवर व हातांवर अवलंबून आहे.