तळटीप १४ : अंतर्गळ

अंतर्गळ : आज आपण ज्याला हर्निया म्हणतो तो. पोटाच्या भिंतीत जिथे स्नायू कमकुवत असतात, तिथून आतड्याचा किंवा चरबीचा भाग बाहेर येतो. पुरुषांत बहुधा जांघेत. आडवे झाल्यावर फुगा आत जातो, म्हणून लेखकाच्या वडिलांसारखी हमाली करणारी माणसे वर्षानुवर्षे पट्टा बांधून ओझी वाहत राहिली. पट्ट्याने भोक बुजत नाही. इटलीतील पाडुआ येथे एदोआर्दो बास्सिनी यांनी १८८०च्या दशकात थर शिवून भिंत पक्की करण्याची रीत घालून दिली; पण ओढून घातलेल्या टाक्यांवर ताण येई. प्रकरणातील अंथरुणावरचे लांबलेले दिवस त्याच पद्धतीच्या काळातले आहेत. पुढे, १९८०च्या दशकात, लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिश्टेनस्टाइन यांनी ताण न देता जाळी बसवणे रूढ केले. आता बहुतेक रुग्ण एकदोन दिवसांत घरी हिंडूफिरू लागतात. जड ओझे मात्र काही आठवडे वर्ज्य, कारण जाळीभोवती पेशी धरायला वेळ लागतो. हातावर पोट असलेल्याला नेमके हेच आठवडे परवडत नाहीत. फुगा आत जाईनासा झाला, दुखू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. तेव्हा तासभरही न थांबता रुग्णालय गाठावे. – संपा.