‘वेल-मेड’ : एका विशेषणाचा अर्थपालट

‘वेल-मेड’ या इंग्रजी सामासिक विशेषणाचा वाच्यार्थ ‘नीट घडविलेले’ असा प्रशंसापर. नाटकाला लावताच मात्र ते दूषण ठरते. या अर्थपालटाला इतिहास आहे. गुपित, पत्र आणि ऐनवेळचा उलगडा यांवर बेतलेले रचनातंत्र फ्रान्समध्ये युजीन स्क्रीबने (१७९१-१८६१) रूढ केले. सार्दूच्या नाटकांतील त्याच तंत्राची बर्नार्ड शॉने १८९५ मध्ये ‘सार्डूडलडम’ अशी खिल्ली उडविली. तथापि शॉने ज्याचा कैवार घेतला, तो इब्सेन १८५१ ते १८५७ या काळात बर्गेनच्या नाट्यगृहात स्क्रीबच्याच नाटकांच्या सहवासात घडला. ‘अ डॉल्स हाउस’मधील (१८७९) क्रोग्स्टाडचे पत्र त्या वारशाची साक्ष देते. मराठीत ‘सुघटित’ म्हटल्यास उपहास निसटतो. ‘साचेबंद’ म्हटल्यास इब्सेनचे ऋण झाकले जाते. प्रतिशब्द निवडणे हा येथे समीक्षकाचा मूल्यनिर्णयच ठरतो.