चाळिसाव्या मजल्याचं कूळ

बेन व्हीटली या ब्रिटिश दिग्दर्शकाच्या ‘हाय-राइझ’ (२०१५) या चित्रपटात चाळिसाव्या मजल्यावर खुद्द इमारतीचा वास्तुविशारद अँथनी रॉयल राहतो. गच्चीवर त्याची बाग आहे आणि बागेत त्याच्या बायकोचा पांढरा घोडा. पंचविसाव्यावर डॉ. रॉबर्ट लँग. तळाकडे, पोराबाळांच्या कालव्यात, टीव्हीसाठी माहितीपट करणारा रिचर्ड वाइल्डर. वीज जायला लागते, कचऱ्याची नळी तुंबते, पोहण्याच्या तलावावरून हमरीतुमरी होते आणि बघता बघता सुशिक्षित माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. वर श्रीमंत, खाली त्याहून कमी श्रीमंत ही मांडणी आपण मुकाट मान्य करून हे सगळं पाहतो. पण ती काही अनादी नाही. लिफ्ट येईपर्यंत ती बरोबर उलटी होती.

प्राचीन रोममध्ये भाड्याच्या बहुमजली इमारतींत सर्वांत वरच्या खोल्या सर्वांत गरिबांच्या असत. जिने चढायचे, पाणी वर न्यायचं, आग लागली तर शेवटी सुटका. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकातही तेच. बेर्ताल या चित्रकाराचं १८४५चं एक गाजलेलं चित्र आहे. पुढची भिंत कापून काढावी तशी अख्खी इमारत त्यात उघडी दिसते. पहिल्या मजल्यावर ऐसपैस दिवाणखान्यात सुस्तावलेलं धनिक जोडपं, आणि जसजसं वर जावं तसतशी हलाखी. छपराखाली तर पार दैना. पुढे तिथल्या नव्या इमारतींत सहाव्या मजल्यावर मोलकरणींच्या खोल्या आल्या आणि त्यांना जायला मागच्या बाजूने वेगळा जिना. मुंबईतल्या काही टॉवरांत घरकाम करणाऱ्या बायकांना ज्या लिफ्टने जावं लागतं, ती याच जिन्याच्या वंशातली.

उलथापालथ केली ती अमेरिकेने. १८५४मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात एलिशा ओटिस उंच पाळण्यावर उभा राहिला आणि त्याने लोकांदेखत पाळण्याचा दोर तोडायला लावला. पाळणा जरासा घसरला आणि अडला. लिफ्ट म्हणून वर-खाली करणारी यंत्रं आधीही होती. ओटिसने आणली ती दोर तुटल्यावर पकडणारी खीळ, म्हणजेच खात्री. १८५७मध्ये ब्रॉडवेवरच्या हॉवआउट यांच्या पाच मजली दुकानात त्याची लिफ्ट प्रवाशांसाठी बसली. चढण्याचे कष्ट संपल्यावर वर उरलं काय? हवा, उजेड, देखावा, आणि खालचा गोंगाट व घोड्यांच्या लिदीचा वास नसणं. १९२०च्या दशकापर्यंत न्यूयॉर्कमध्ये नोकरांच्या आणि धुण्याच्या खोल्यांची गच्ची ‘पेंटहाउस’ होऊन बसली.

चित्रपटाचं जवळचं मूळ मात्र लंडनमध्ये, आणि तेही श्रीमंतांच्या नव्हे तर सरकारी घरांत. अर्नो गोल्डफिंगर हा हंगेरीत जन्मलेला वास्तुविशारद. पूर्व लंडनमधला त्याचा बाल्फ्रन टॉवर १९६७मध्ये पुरा झाला. १९६८मध्ये तो बायकोसह सव्विसाव्या मजल्यावर दोन महिने राहायला गेला आणि रहिवाशांना शॅम्पेनला बोलावून तक्रारी ऐकू लागला. प्रयोग आटोपल्यावर तो हॅम्पस्टेडमधल्या स्वतःच बांधलेल्या बुटक्या घरी परतला. त्याच वर्षी मे महिन्यात जवळच्याच रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत गॅसचा स्फोट झाला, एक कोपरा पत्त्यांसारखा कोसळला, चारजण गेले आणि उंच इमारतींवरचा विश्वासही गेला. १९७२मध्ये पश्चिम लंडनमध्ये गोल्डफिंगरचा ३१ मजली ट्रेलिक टॉवर उभा राहिला, तेव्हा हवा अशी होती. चाळिसाव्या मजल्यावरच्या रॉयलमध्ये अनेकांना गोल्डफिंगर दिसतो, तो उगाच नाही.

जे. जी. बॅलर्डची ‘हाय-राइझ’ ही कादंबरी १९७५ची. चाळीस मजले, एक हजार घरं, दोन हजार माणसं. बॅलर्ड स्वतः कित्येक दशकं शेपर्टन या उपनगरात दुमजली घरात राहिला. त्याने मुलाखतीत सांगितलेली एक हकिकत मला या सगळ्या वास्तुशास्त्रापेक्षा मोलाची वाटते. स्पेनच्या किनाऱ्यावर तो सुट्टीला उतरला होता त्या इमारतीत वरून सिगारेटची थोटकं खाली पडत. तळमजल्यावरचा एक रहिवासी इतका चिडला, की वरच्या बाल्कन्यांतल्या गुन्हेगारांचे फोटो काढून तो सूचनाफलकावर लावू लागला. आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीच्या सेक्रेटरीला यात नवल वाटणार नाही. बॅलर्डने इथूनच खरी खोच उचलली. फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये (१९२७) खाली कामगार आणि वर मालक होते. बॅलर्डच्या इमारतीत कामगार नाहीतच. सगळे डॉक्टर, वकील, हिशेबनीस. त्यांच्यातले वर्ग मजल्याच्या आकड्यातून तयार होतात आणि पहिली भांडणं लिफ्ट कोणी अडवली यावरून पेटतात. लहानपणी शांघायमधले साहेब लोक जपान्यांच्या युद्धकाळातल्या कैदी छावणीत पाहिलेल्या बॅलर्डला सभ्यपणाचा मुलामा किती पातळ असतो हे ठाऊक होतं.

निर्माता जेरेमी थॉमस १९७०च्या दशकापासून या कादंबरीमागे होता. दिग्दर्शक निकोलस रोग तिच्यावर चित्रपट करणार होता, जमलं नाही. मध्ये आणखी हात लागले. अखेर एमी जम्पने पटकथा लिहिली आणि व्हीटलीने उत्तर आयर्लंडमधल्या बँगर गावच्या बंद पडलेल्या क्रीडा केंद्रात तिचं बरंच चित्रीकरण केलं. टॉम हिडलस्टन लँग, जेरेमी आयर्न्स रॉयल, ल्यूक इव्हान्स वाइल्डर. काळ मुद्दाम सत्तरच्या दशकाचाच ठेवला. माझ्या मते चित्रपट वर्गयुद्धाकडे जरा जास्तच बोट दाखवतो. कादंबरीतली भीती वेगळी आहे, तिथे माणसं या अराजकात रमतात, बाहेर कुणाकडे तक्रारसुद्धा करत नाहीत.

चित्रपटाच्या शेवटी मार्गारेट थॅचर यांचा आवाज ऐकू येतो. कादंबरी आली त्याच वर्षी, १९७५मध्ये, त्या ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या नेत्या झाल्या होत्या. पंतप्रधान झाल्यावर १९८०च्या कायद्याने त्यांच्या सरकारने नगरपालिकेच्या भाडेकरूंना राहती घरं विकत घेण्याचा हक्क दिला आणि ट्रेलिकमधली काही घरं मालकीची झाली. बाल्फ्रनमधल्या भाडेकरूंना मात्र पुढे दुरुस्तीसाठी बाहेर काढण्यात आलं आणि गरिबांसाठी बांधलेली ती घरं खासगी बाजारात आली.