अस्मितादर्श : औरंगाबाद ते नांदेड

नांदेड-लातूरकडे अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं साहित्य आलं ते औरंगाबादच्या वाटेनं. बाबासाहेबांनी १९५० मध्ये तिथं काढलेलं महाविद्यालय पुढं ‘मिलिंद’ झालं. तिथले प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून आलेले; तिकडच्या काळ्या लेखकांविषयी पोटतिडकीनं बोलायचे. १९६७ मध्ये ‘अस्मिता’ निघालं, पुढच्या वर्षी त्याचंच ‘अस्मितादर्श’ झालं. संपादक मिलिंदमधलेच गंगाधर पानतावणे. सरांनी हे त्रैमासिक हयातभर चालवलं, नव्या पोरांना लिहितं केलं, मेळावे भरवले.

पुढं लातूरच्या शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ लिहिलं. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ झालं, तेव्हा पहिले कुलगुरू हेच. अर्धापूरच्या पोराच्या पदवीवर औरंगाबादऐवजी नांदेडचा शिक्का आला.

माझी एक तक्रार मात्र आहे. आपण तिकडून बंड उचललं. संकराचा प्रश्न बराच काळ बाजूलाच राहिला. तिकडचा काळा लेखक फ्रेडरिक डग्लस गुलाम आईचा आणि गोऱ्या बापाचा मुलगा. व्हर्जिनियात १६६२ पासून कायदाच होता : मूल आईच्या स्थितीत जाणार. म्हणजे मालकाला पोरही झालं आणि गुलामही मिळाला! आपल्याकडं असा कायदा नव्हता, पण रीत तीच. एरवी जात बापाची लागते. बाप पाटील आणि आई महार असली की पोर आईच्या वस्तीत. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ या आत्मकथनात (१९८४) मास्तर शाळेच्या दाखल्यात त्यांच्या खऱ्या बापाचं नाव लावतात. ते काढा म्हणून बाप माणसं घेऊन शाळेत येतो. मास्तर बधत नाहीत. डग्लसच्या बापाला एवढीही धावपळ करावी लागली नाही. त्याचं नाव विचारणारं तिथं कुणी नव्हतंच.

२००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला पहिलं विश्व मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष पानतावणे सर. वानखेडे जिथं शिकून आले, त्या देशात मिलिंदचा माणूस मराठीतून बोलला. २०१८ मध्ये सर गेले. नांदेडच्या अभ्यासक्रमात वाघमाऱ्यांचं पुस्तक आणि ‘अक्करमाशी’ शेजारीशेजारी लावायला आता कुणाची हरकत असावी?