२५ जानेवारी २०१३ : कुंभाराच्या चाकाला पद्मश्री

केंद्र शासनाने प्रजासत्ताक दिनाच्या पूर्वसंध्येला नवी दिल्लीत जाहीर केलेल्या पद्म पुरस्कारांच्या यादीत भाईंदर येथील कुंभार-कलावंत ब्रह्मदेव राम पंडित यांना पद्मश्री घोषित झाली. परंपरागत कुंभार कुटुंबातील या कारागिराने स्टोनवेअर, म्हणजे सुमारे १,२०० अंश सेल्सिअस वा त्याहून अधिक तापमानाला भाजल्यामुळे जवळजवळ पाणी न शोषणारी कठीण मृत्पात्रे, आणि ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून पात्रावर बसणारा काचेसारखा थर, ही माध्यमे आत्मसात केली, हे या सन्मानाचे खरे महत्त्व होय. कारण स्टुडिओतील मृत्कला बहुधा कलाशाळेतून आलेल्यांचीच मानली जाते. परंपरागत कसबाला नवी वाट मिळाल्याचे उदाहरण परदेशातही आढळते : पहिल्या महायुद्धानंतर जेरुसलेममध्ये स्थिरावलेल्या डेव्हिड ओहानेसियन या आर्मेनियन कारागिराने चित्रित फरशांची जी परंपरा रुजवली, तीही जुन्या कसबाला नवी बाजारपेठ मिळाल्यामुळे टिकली. अशी नवी बाजारपेठ न लाभलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील कुंभारांचा व्यवसाय मात्र अद्याप उन्हाळ्यातील माठ, पोळ्याचे मातीचे बैल आणि दिवाळीच्या पणत्या अशा हंगामी मागणीवरच बव्हंशी अवलंबून असून, उच्च तापमानाची भट्टी आणि ग्लेझचे प्रशिक्षण त्यांच्यापर्यंत पोहोचविल्याविना अशा पुरस्कारांचा लाभ त्यांना होणार नाही.