समजा, साठ कमळं होती

मी कविता लिहिणारा माणूस. गणिताशी शाळेपासून वाकडं. शिकवलेल्या रीतीचं उदाहरण सुटायचं. पण शब्द जरा बदलले, की पाटीवरची पेन्सिल थांबायची. 'रीत आठव' एवढंच ऐकू यायचं. रीतच माहीत नसेल तर काय करायचं, हे मला फार उशिरा, बी.ए. होऊन बरीच वर्षं लोटल्यावर, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त सापडलं. तेही एका कवीचा माग काढताना.

तो कवी अकबराच्या दरबारातला फैजी. त्यानं १५८७ मध्ये 'लीलावती' फारसीत नेली. मूळ ग्रंथ ११५० चा. घटिकापात्रात मोती पडला आणि मुलीच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही आपण सगळे सांगतो ती गोष्ट फैजीच्या प्रस्तावनेतली. आचार्यांच्या श्लोकांत ती नाही. खरी की रचलेली, ते विद्वान बघतील. मला त्या मोत्यापेक्षा कमळांचं कोडं मोलाचं वाटतं.

कमळांची एक रास आहे. तिचा तिसरा हिस्सा शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला वाहिला. उरलेली सहा गुरूंच्या चरणी. तर एकूण कमळं किती? इथं आचार्य म्हणतात, मनाला येईल ती संख्या धरा. याला त्यांनी नाव दिलं इष्टकर्म. समजा, साठ. मग वीस, बारा, दहा आणि पंधरा, म्हणजे सत्तावन्न गेली, तीन उरली. उरायला हवी होती सहा, म्हणजे दुप्पट. तर मूळ कमळंही साठाच्या दुप्पट, एकशेवीस! चुकीचं उत्तर धरायची परवानगी, तीही आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकात! आम्हाला चुकलेल्या उत्तरावर फक्त लाल रेघ मिळायची.

दुसरी युक्ती विलोमविधीची. शेवट ठाऊक असेल तर उलट्या पावलांनी या. मिळवलं असेल तिथं वजा करा, गुणलं असेल तिथं भागा, वर्ग केला असेल तिथं मूळ काढा. मात्र एक खड्डा आहे, आणि आचार्य तो आधीच दाखवतात. तो आपल्या सोलापुरी चादरीवर बघा. तीनशेची चादर तिसरा हिस्सा सूट देऊन दोनशेला विकली. आता दोनशेवरून मूळ किंमत काढायची, तर दोनशेचा तिसरा हिस्सा मिळवून भागत नाही. अर्धा मिळवावा लागतो. हिस्सा कशाचा, हे विसरलं की भलेभले फसतात. मीही अलीकडेच दुकानात फसलो, ते असो.

फैजी पुढं १५९१ मध्ये अकबराचा वकील म्हणून खानदेशात आणि अहमदनगरला आला. त्याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण इथं, १२०७ च्या सुमारास भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला होता. तिथल्या शिलालेखाचा शेवटचा भाग मराठीत आहे. मठासाठी कुणी काय द्यायचं, ते त्यात लिहिलंय. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर थोडं काही, आणि गावात जेवढे घाणे चालतील, तेवढ्यांकडून एकेक पळी तेल.