निळा ठिपका आणि नानांचा अ‍ॅटलास

गोष्ट २०१८ च्या ऑगस्टमधली. नाना आणि आई साताऱ्याहून आले होते. त्यांना अमेरिकेचा मोकळा मुलूख दाखवावा म्हणून आम्ही नेव्हाडामधून हायवे ५० ने निघालो. 'लाइफ' मासिकाने १९८६ मध्ये अमेरिकेतला सर्वांत एकाकी म्हटलेला रस्ता तो हाच. ईलीहून युरेका ७७ मैल, मध्ये गाव नाही.

ऑस्टिनच्या अलीकडे हायवे सोडून आम्ही दक्षिणेला कच्च्या रस्त्याने गरम पाण्याचे झरे पाहायला गेलो. परतताना दोन फाटे फुटले. फोनच्या पडद्यावर निळा ठिपका होता, पण भोवती सगळे कोरे. सौ.चा फोनही तसाच! आईच्या इन्शुलिनभोवतीच्या बर्फाचे पाणी झाले होते.

फोनला आपली जागा उपग्रहांवरून कळते, पण नकाशा येतो मोबाइलच्या टॉवरवरून. तो आधी उतरवून घेतला नसेल तर ठिपका निरुपयोगी. आणि एकाच कंपनीचे दोन फोन म्हणजे एकाच खुंटीला टांगलेल्या दोन छत्र्या. इंजिनिअरिंगची डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला हे वाळवंटात आठवावे, याला काय म्हणावे?

या मुलखात वाट दाखवणारी यंत्रे आजची नाहीत. १९०९ च्या जोन्स लाइव्ह मॅपमध्ये रस्त्याच्या सूचना छापलेली तबकडी गाडीच्या चाकाला जोडलेली असे. जसे अंतर कापावे तशी ती फिरे. गाडी वाटेत भरकटली की सूचना चुकल्याच. १९१३ पासून गल्फ कंपनी पेट्रोलबरोबर फुकट नकाशे वाटू लागली. १९२४ मध्ये रँड मॅकनॅलीचा पहिला रोड अ‍ॅटलास निघाला आणि १९२६ मध्ये हायवेंना क्रमांक मिळाले : विषम उत्तर-दक्षिण, सम पूर्व-पश्चिम. माझ्या मते या साऱ्यांत सर्वांत हुशार शोध हा क्रमांकांचाच. त्याला बॅटरी लागत नाही.

१९८५ मध्ये कॅलिफोर्नियात एटॅक नावाचे यंत्र आले. त्याचे नकाशे कॅसेटवर असत. उपग्रहाशी संबंध नाही; होकायंत्रावरून दिशा, चाकांवरून अंतर, आणि वळणे नकाशाशी ताडून चूक दुरुस्त करायची. जीपीएस १९९५ मध्ये पूर्ण कार्यरत झाले, तरी नागरी संदेशांत मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्येच थांबली. त्यानंतर बाकीचे सारे मागे पडले, आणि आम्हीही सुस्तावलो.

त्या दिवशी आसनामागच्या खिशातून नानांनी जुना अ‍ॅटलास काढला. आयुष्य सार्वजनिक बांधकाम खात्यात गेलेले. फाटे त्यात नव्हतेच. पण हायवे ५० पूर्व-पश्चिम जातो आणि आपण त्याच्या दक्षिणेला आहोत, एवढे कळत होते.

"अरे, दुपार कलली आहे. सूर्य डाव्या हाताला ठेव आणि मीटर बघत चल. येताना जेवढे मैल आलो तेवढ्यात डांबरी लागली नाही, तर मागे फिरू."

डांबरी लागली. ऑस्टिनला बर्फ मिळाला.

आता निघण्याच्या आदल्या रात्री मी नकाशे फोनमध्ये उतरवतो. सौ.चा फोन दुसऱ्या कंपनीचा घेतला. अ‍ॅटलास आणि साधे होकायंत्र गाडीतच असते. पुढे एकदा फोनवर नानांना एटॅकची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे मी सांगितलं तेच की! त्याला कॅसेट कशाला?"